जाळीने सूड उगवला

मी एक जुनी करवंदाची जाळी आहे. मुरबाडकडून सिद्धगडाच्या पायथ्याला जाताना ओढ्याच्या पलीकडे भाताची खाचरं लागतात. त्यातल्या दोन खाचरांच्या मधल्या बांधावर मी राहते. सध्या माझी उंची एखाद्या कोंबडीएवढी आहे. मित्रांनो, हसू नका. गेल्या होळीपर्यंत मी माणसाच्या डोक्यावरून वर गेले होते आणि सगळा बांध माझ्या अंगाखाली होता. माझं असं कुणी केलं आणि त्याला मी कसं सोडलं नाही, ते आज सांगणार आहे. कुणाला गोड गोड गोष्ट हवी असेल तर त्याने आंब्याकडे जावं. तो बिचारा दगड खाऊनही सगळ्यांना माफ करतो. माझा तसा स्वभाव नाही.

पुस्तकांत मला कुणी मैना म्हणतं, कुणी रानमेवा म्हणतं. खुशाल म्हणा. आमच्या गावात मला झाडही म्हणत नाहीत आणि झुडूपही म्हणत नाहीत. करवंदाची जाळी म्हणतात. माझी एक फांदी दुसरीत शिरते, दुसरी तिसरीत गुंतते, आणि सगळ्यांवर जोडीजोडीने काटे. जाळ्यात सापडलेला मासा जसा सुटत नाही, तसं माझ्यात शिरलेलं काही सहज सुटत नाही, म्हणून जाळी. गडावर चढायला आलेल्या एका पाहुण्याने वाट सोडून मधूनच घुसायचा प्रयत्न केला होता. त्याच्या नव्याकोऱ्या शर्टाची बाही कितीतरी दिवस माझ्याकडे होती. मी ती वाऱ्यावर हलवत बसायचे. मला फार मजा वाटायची.

मला कुणी लावलं नाही. कुठल्या तरी बुलबुलाने बी टाकलं आणि मी उगवले. पण मला ठेवलं ते म्हाताऱ्याने. या दोन्ही खाचरांचा तो मालक. त्याला दोन मुलगे, थोरला अनंता आणि धाकटा हरेश. म्हातारा थकला तेव्हा त्याने दोघांना बांधावर आणलं, गावातली चार माणसं बोलावली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "जाळीच्या अल्याड अनंताचं, पल्याड हरेशचं. जाळीला कुनी हात लावायचा नाय. ही हाय तवर तुमच्यात भांडान नाय." कागद नाही, दगड नाही. दोन भावांच्या मधली हद्द म्हणजे मी. तेव्हापासून मी जरा ताठच झाले. का होऊ नये?

पुढची वर्षं फार चांगली गेली. माघात माझी पांढरी फुलं यायची, तेव्हा सगळं खाचर घमघमायचं. चैत्रात कच्ची करवंदं लोणच्याला जायची. वैशाखात फळं काळी झाली की गावातली पोरंटोरं हजर. एकेक करवंद दातात धरून विचारायची, "कोंबडा का कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. हातांना चीक, ओठ जांभळे, पायांवर ओरखडे, तरी हटायची नाहीत. बाया पळसाच्या पानांचे द्रोण भरून न्यायच्या. "हिच्यावानी करवंदा कुटं नाय," असं हिराबाई दरवर्षी म्हणायची. ही हिराबाई म्हणजे गावातली सगळ्यात जाणती बाई. तिचं बोलणं ऐकून मी आणखी फुगायचे.

सगळ्यांत माझी कुणी असेल तर ती अनंताची बायको रंगू. तोडताना ती माझ्याशी बोलायची. "आगं, जरा वाट दे ना गो," म्हणत हात आत घालायची, आणि खरं सांगते, तिला मी फारसं ओरबाडलं नाही. अनंता तापाने गेला तेव्हा ती माझ्याच आडोशाला बसून रडली. घरात पोरगी होती, सारिका. पोरीसमोर रडायचं नाही म्हणून ती इथे यायची. सारिका पुढे मोठी झाली, मुरबाडच्या एका कंपनीत लागली, आणि दोघींचं त्या एका खाचरावर आणि तिच्या पगारावर बरं चाललं होतं.

मग आमच्याकडच्या जमिनींना भाव आला. डोंबिवलीकडचा एक माणूस हरेशचा वरचा माळ बघून गेला. त्याला तिथे बंगला बांधायचा होता. माळ त्याला आवडला, पण गाडी वर न्यायला वाट नव्हती. वाट काढायची तर दोन खाचरांच्या मधूनच निघणार. स्वतःचं खाचर कापायचं हरेशच्या जिवावर आलं. त्याची नजर रंगूच्या खाचरावर गेली, आणि मधे कोण उभी? मी.

होळी झाल्यावर रंगू म्हसा गावी भाचीच्या लग्नाला गेली. सारिका कामावर. भर दुपारी हरेश कोयता घेऊन आला. माझ्या अंगावर तेव्हा कच्ची फळं लगडलेली होती. मित्रांनो, त्याने फळांकडे बघितलंसुद्धा नाही. लहानपणी याच हाताने तो माझी करवंदं खात होता, आणि त्याच हाताने खचाखच कोयता चालवत होता. मी त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताळले. तो शिव्या देत होता आणि तोडत होता. माझा पांढरा चीक जमिनीवर ठिबकत होता. तेव्हाच मी ठरवलं, हरेश, तुला मी बघून घेईन.

आता इथे त्याने जी चूक केली ती नीट ऐका. आमच्याकडे भाताचं रोप राबावर करतात. उन्हाळ्यात खाचराच्या एका तुकड्यावर शेण, झाडपाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. तिथलं तण मरतं आणि पेरलेलं रोप जोमाने वर येतं. पावसात ते रोप उपटून सगळ्या खाचरांत लावायचं, ती आवणी. राबाला ऐनाच्या फांद्या चालतात, काहीही पाला चालतो. पण करवंद कुणी टाकत नाही. आमची पानं जळतात, फांद्या जळतात, पण काटा धड जळत नाही. तो काळा पडतो, कडक होतो आणि मातीत जाऊन बसतो. आणि राबात माणसाला अनवाणीच उतरावं लागतं.

हरेशची बायको रविना शेणाची पाटी घेऊन आली होती. तिने त्याला सांगितलं, "आवो, करवंदीचा काटा राबात नाय टाकत. म्हातारं काय सांगायचं, इसरलात काय?"

"गप गो," हरेश म्हणाला. "इथं पडून रायली तर वैनी येऊन बोंबलंल. राख झाली की कुनाला काय दावनार?"

त्याने मला ओढत ओढत त्याच्या राबावर नेलं, शेणाखाली दाबलं आणि काडी लावली. मी जळत होते आणि तो बांधावर बसून पाणी पीत होता. ते झाल्यावर त्याने कुदळ घेतली. जुना बांध मोडून सपाट केला आणि नवा बांध रंगूच्या खाचरात सरकवून घातला. मधे गाडी जाईल इतकी पट्टी मोकळी राहिली. तिच्याखाली माझी मुळं होती. जमिनीच्या वरची मी संपले होते, खालच्या माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

रंगू लग्नाहून आली ती थेट शेतावर. रिकामी पट्टी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मग हरेशच्या दारात जाऊन उभी राहिली. हरेश तिच्याबरोबर बांधावर आला तो हसतच.

"भावजी, माजा बांध कुटं गेला?" रंगूने विचारलं.

"ह्यो काय हितं," हरेशने नव्या बांधावर पाय आपटला.

"आन जाळी?"

"कुटली जाळी? दावा ना वैनी. जाळी दिसतेय का तुमाला कुटं?"

सारिका संध्याकाळी कामावरून आली आणि भडकली. "काका, लाज वाटते का नाय?" म्हणाली. तिने मोबाइलमधले फोटो काढून दाखवले. पण फोटोत सगळा तिचाच चेहरा आणि मागे थोडीशी पानं. हरेश म्हणाला, "पाना काय, कुनाच्या पन जाळीची असतील." सारिकाने सरकारी मोजणीचं मनावर घेतलं. पण मोजणीची तारीख कधी लागेल ते कुणी सांगेना, आणि डोंबिवलीवाला दिवाळीनंतर वाटेवर मुरूम टाकणार होता. एकदा मुरूम पडला आणि गाड्या फिरल्या की रंगूची पट्टी गेली म्हणून समजा. तिचं खाचर आधीच केवढंसं. त्यातलं इतकं गेलं तर वर्षाचा तांदूळसुद्धा पुरणार नव्हता.

गावातल्या माणसांचा मला हरेशइतकाच राग आला. म्हाताऱ्याने ज्यांच्यादेखत वाटणी केली ती माणसं माना खाली घालून म्हणाली, "जाळीच नाय रायली तं आमी काय सांगनार?" अरे वा! माझी करवंदं खाऊन यांच्या दोन पिढ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या, आणि मी कुठे होते ते एकालाही आठवेना! हिराबाईसुद्धा गप्प बसली. हरेशशी वाकडं कोण घेणार? तेवढ्यातल्या तेवढ्यात मी त्यांचीही नावं मनात लिहून ठेवली.

जून उजाडला. हरेश भाताचं बी घेऊन राबात उतरला. राबातली माती हाताने सारखी करत तो पुढे सरकत होता. मी काळी होऊन, कडक होऊन, वर तोंड करून तिथेच बसले होते. त्याची टाच आली आणि मी गेले आत. पार आत! असा ओरडला म्हणता, ओढ्यावरचे बगळे उडाले. काटा ओढायला गेला तर तो मोडला आणि अर्धी मी त्याच्या टाचेतच राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मला जी गार झुळूक लागली तिची सर कशालाच नाही.

राहिलेलं बी रविनाने बांधावरूनच फेकलं, आणि तिथून पुढे हरेश जिथे जाईल तिथे मी होते. त्याच्या घरात, त्याच्या खाटेवर, त्याच्या चपलेत. काटा वर यावा म्हणून रविनाने गूळ तापवून बांधला. मी हलले नाही. मुरबाडच्या डॉक्टरने चिरा दिला, थोडी मी निघाले, थोडी राहिले. पाय सुजून भोपळा झाला. तो ठणक्याने विव्हळायला लागला की रविना म्हणायची, "सांगितलेला ना तुमाला? तवा माझा आवाज आयकू नाय आला." आणि मी टाचेत बसून तिला शाबासकी द्यायचे. त्याने पाय टेकायचा प्रयत्न केला की मी जरा आणखी आत जायचे.

आता माझी खरी करामत ऐका. हरेश खाटेवर पडल्यामुळे शेताकडे फिरकला नाही. इकडे त्या सपाट पट्टीत पावसाचं पाणी मुरलं, आणि माझी मुळं जागी झाली. एक कोंब आला, दुसरा आला, जुना बांध जिथून जिथपर्यंत होता तिथून तिथपर्यंत माझे तांबूस कोंब ओळीने वर आले. पावसाच्या गवतात ते अजून कुणाच्या नजरेला पडले नव्हते. हरेश धडधाकट असता तर त्याने एका सकाळीत ते खरवडून टाकले असते. पण धडधाकट ठेवला कुणी होता त्याला?

आवणीचे दिवस आले. आमच्याकडे आवणी सावडीने होते. आज सगळ्या घरांची माणसं तुझ्या शेतात, उद्या सगळी माझ्या शेतात. सावड मोडायची नाही, मग भांडण असो की काही असो. रंगूचं खाचर आदल्या दिवशी लावून झालं होतं. त्यात हरेशच्या घरून रविना आली होती. त्यामुळे हरेशच्या आवणीला रंगूला यावंच लागलं. ती आली आणि नव्या बांधावर तोंड घट्ट मिटून उभी राहिली. सारिकाही सुट्टी काढून आली होती. हरेश काठी टेकत, लंगडत आला. त्याचं रोप गुडघ्याला लागलं होतं, पिवळं पडायला लागलं होतं. आणखी थोडं थांबलं असतं तर जून होऊन वाया गेलं असतं. दुसरं रोप त्याला कोण देणार?

बाया रोप उपटायला राबात उतरल्या. सगळ्यांच्या पुढे हिराबाई.

"आई गं!" हिराबाई ओरडली आणि एका पायावर उभी राहिली. तिने तळव्यातून मला उपटून काढलं, बोटात धरून उजेडात बघितलं. तेवढ्यात शेजारच्या बाईचा पाय, मग तिच्या पलीकडचीचा. एकेक करून सगळ्या बाहेर आल्या आणि तळहातावर माझे काळे काटे घेऊन उभ्या राहिल्या. जोडीजोडीचे काटे! आमच्याकडच्या बाया ते डोळे मिटून ओळखतात.

"हरेश," हिराबाई म्हणाली, "ह्यो करवंदीचा काटा. तुज्या राबात कसा आला रे?"

हरेश काठीवर रेलून रोपाकडे बघायला लागला.

"तू तं म्हनलास जाळीच नव्हती. मंग जाळलंस काय?"

"आला असंल कुटून तरी. वाऱ्यानं बिऱ्यानं."

बाया हसल्या. तो हशा ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सारिका पट्टीकडे गेली, गवत बाजूला केलं आणि तिथूनच ओरडली, "मावशी, हिकडं या. सगल्या या. हे बगा कोंब." सगळ्या बाया तिकडे धावल्या. माझी ओळ सुतासारखी सरळ होती. वाटणीच्या वेळी हजर असलेला एक म्हातारा रोपाच्या मुठी वाहायला आला होता. तो ओळीच्या टोकाला उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हां, हितंच व्हती. हितंच उभं राहून सांगितलेलं तुज्या बापानं." बरी आठवण झाली बाबा, मी मनात म्हटलं. इतके दिवस कुठे शेण खायला गेली होती?

हरेश म्हणाला, "ते बगू नंतर. आदी आवनी उरकून घ्या. पाऊस हाय तोवर."

तेव्हा रंगू पहिल्यांदा बोलली. "भावजी, मी सावड मोडनार नाय. तुमच्या राबात मी उतरेन. पन आदी बांध जागेवर घाला."

"आवनीच्या टायमाला बांध कुनी घालतं काय, वैनी?"

"मंग रोप ऱ्हाऊ दे," रंगू म्हणाली आणि बांधावर बसली.

हिराबाईने तिच्याकडे बघितलं. मग ती रंगूच्या शेजारी जाऊन बसली. तिच्यामागून सगळ्या बाया बसल्या. इरलं डोक्यावर घेऊन. म्हातारा उभा राहिला तो उभाच. पाऊस पडत होता आणि हरेश एकदा पिवळ्या रोपाकडे, एकदा त्या बसलेल्या बायांकडे बघत होता. रविना पुढे झाली. तिने कुदळ आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घाला."

घातला त्याने बांध. सगळ्या गावादेखत, लंगडत लंगडत, चिखलाचं एकेक ढेकूळ उचलून माझ्या कोंबांच्या ओळीवर रचत गेला. कोंबावर ढेकूळ पडलं की हिराबाई ओरडायची, "बाजूला ठेव! तिला दाबू नको!" दर पावलाला मी त्याच्या टाचेत ठणकत होते. तो कण्हत होता. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. बांध पुरा झाला, रंगूची पट्टी रंगूकडे आली, डोंबिवलीवाल्याची वाट गेली. मला वाटलं, झालं, फिटली सगळी देणी.

पण रंगूने शब्द दिला होता. ती उठली, लुगडं खोचलं आणि हरेशच्या राबात उतरली. राबात अजून मी होते. किती ठिकाणी होते ते मलाही माहीत नव्हतं. मी ओरडून सांगणार होते, पण मला आवाज कुठला? तिने दुसरं पाऊल टाकलं आणि मी तिच्या तळव्यात घुसले. हरेशच्या टाचेत घुसले होते तशीच, पार आत. माझ्या काट्याला ती रंगू आहे हे कळलंच नाही.

ती ओरडली नाही. वाकली, ओठ दाबून मला बाहेर ओढलं. मी अख्खी निघाले. तिने काटा पाण्यात धुतला, तळहातावर घेतला आणि चुकून चावलेल्या घरच्या कुत्र्याला बोलावं तसं हळूच म्हणाली, "आगं, मी हाय गो. रंगू." मग तो काटा बांधावर ठेवला आणि रक्ताळल्या पायाने रोप उपटायला लागली. संध्याकाळपर्यंत ती त्या चिखलात होती, आणि ती जखम पुढे चिघळली.

हरेशला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. त्याच्या टाचेतला तुकडा थंडीत अजून ठणकतो आणि मी तो ठणकू देते. पण रंगू पाय ओढत बांधावरून जाते तेव्हा मला माझीच चीड येते. मित्रांनो, जाळ्या तोडू नका असं विनवायला मी आलेले नाही. ज्याला तोडायची तो तोडणारच. एवढंच सांगते, तोडताना माझा राग ओढवून घ्या, पण आधी आठवून बघा, त्या चिखलात उद्या तुमच्यामागून अनवाणी कोण उतरणार आहे.